रोलची डबी
(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

काही वस्तू ज्या कामासाठी जन्माला येतात ते काम त्यांच्या वाट्याला चार दिवसच येते आणि पुढचे सारे आयुष्य त्या दुसऱ्याच कामावर काढतात. खोबरे काढून झाले की करवंटीचा डाव होतो. विरलेल्या लुगड्याची गोधडी होते. रॉकेलच्या डब्याला आडवी दांडी ठोकली की पाणी काढायला पोहरा तयार. कोकणातल्या घरांत अशा वस्तूंची एक मोठी बिरादरीच नांदत असते. या बिरादरीतली सर्वांत धाकटी, बोटभर उंचीची सभासद म्हणजे कॅमेऱ्याच्या रोलची डबी. तिच्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझ्या वयाच्या वाचकांपैकी अनेकांनी ही डबी घरात पाहिली असेल, पण ती मुळात कशाची हे त्यांना ठाऊक असेलच असे नाही. फोटो म्हणजे फोन, हे समीकरण आमच्या पिढीला जन्मजात मिळाले. म्हणून आधी तिचे वर्णन करते. सुमारे पाच सेंटिमीटर उंच, तीन सेंटिमीटरांहून किंचित अधिक रुंद, गोल, काळ्या रंगाची आणि करड्या झाकणाची असेल तर ती बहुधा कोडॅकची. धुरकट पांढरी, आतले दिसेल न दिसेल अशी असेल तर बहुधा फुजीची. कोणी तिला ‘फिल्मची डबी’ म्हणतात, कोणी ‘कॅमेऱ्याची डबी’. आमच्या घरी ती ‘रोलची डबी’.

आता तिचा जन्म. पस्तीस मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना भोके असलेली फीत ही मूळची चलच्चित्रांची, म्हणजे सिनेमाची. हीच फीत साध्या फोटोसाठी वापरता येईल असा छोटा, खिशात मावणारा कॅमेरा जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी तयार केला आणि १९२५ साली ‘लायका’ या नावाने तो बाजारात आला. परंतु त्यात फीत भरायची तर अंधारात बसून लांब गुंडाळीतून तुकडा कापावा लागे आणि तो स्वतःच डबकुलीत गुंडाळावा लागे. १९३४ साली कोडॅक कंपनीने ही कटकट संपवली. फीत कारखान्यातच एका छोट्या धातूच्या नळकांड्यात गुंडाळून मिळू लागली आणि ती भरउन्हातही कॅमेऱ्यात घालता येऊ लागली. त्या नळकांड्याला कंपनीने १३५ हा क्रमांक दिला. हा क्रमांक म्हणजे माप नव्हे, ती नुसती ओळखखूण आहे. छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये सव्वापाच फुटांच्या आसपास लांबीची फीत असते आणि त्यावरचा प्रत्येक फोटो २४ बाय ३६ मिलिमीटरचा, म्हणजे मोठ्या टपाल तिकिटाएवढा.

येथे चिकित्सक वाचकाच्या मनात एक प्रश्न येईल. नळकांड्यात उजेड शिरत नसेल, तर त्याला पुन्हा डबी कशाला? प्रश्न रास्त आहे. नळकांड्याच्या ज्या फटीतून फीत बाहेर येते, तिला आतून मखमलीची पट्टी लावलेली असते. ती उजेड अडवते, दमट हवा मात्र अडवू शकत नाही. आणि फितीचा खरा शत्रू उजेडाइतकाच ओलावाही आहे. फितीवर चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण जिलेटिनच्या थरात बसवलेले असतात. हे जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यांपासून काढतात. ते पाणी शोषून फुगते, चिकट होते आणि बुरशीला तर ते पक्वान्नच वाटते. म्हणून कारखान्यातच, ठराविक कोरड्या हवेत, रोल डबीत घालून झाकण लावले जाई. जाणकार छायाचित्रकार रोल शीतकपाटात ठेवत आणि बाहेर काढल्यावर डबी लगेच उघडत नसत. डबी तशीच ठेवून तिला बाहेरच्या उष्णतेशी जुळवून घेऊ देत. नाहीतर उन्हाळ्यात गार तांब्यावर पाणी धरते तसे ते फितीवर धरले असते.

म्हणजे ही डबी मुळात दमट हवेशी लढण्यासाठी निर्माण झाली. आता रत्नागिरीच्या माणसाला दमट हवा म्हणजे काय हे सांगायला नको. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मृग लागला की मीठ पाझरते, काडेपेटी सादळते, पापड मऊ पडतात, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी चढते. जी वस्तू दूरदेशी कारखान्यात फितीला ओल लागू नये म्हणून घडवली, ती आमच्या किनाऱ्यावर जणू मागणी नोंदवून करून घेतल्यासारखी उपयोगी पडली.

सुरुवातीची कित्येक वर्षे ही डबी ॲल्युमिनियमची, आटे असलेल्या झाकणाची असे. पुढे प्लॅस्टिक आले. बहुतेक डब्यांचे अंग उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनचे आणि झाकण कमी घनतेच्या पॉलिएथिलीनचे असते. यातला दुसरा, मऊ प्रकार इंग्लंडमध्ये १९३३ साली जवळजवळ अपघातानेच हाती लागला. पहिला, टणक प्रकार जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी १९५३ साली शोधलेल्या पद्धतीने बनू लागला. झिग्लर यांना त्यासाठी १९६३ साली, इटलीच्या जूलिओ नाट्टा यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले. डबीचे सारे मर्म या जोडीत आहे. अंग कडक, झाकण मऊ; म्हणून झाकण दाबले की ते कडेशी जुळवून घेते आणि ‘टक्’ असा आवाज करून घट्ट बसते. शिवाय हे प्लॅस्टिक पाणी शोषत नाही, गंजत नाही आणि मिठाशी किंवा चुन्याशी त्याचे वैर नाही.

आपल्या देशातही फिल्म तयार होत असे. उटी येथे ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला. ‘इंदू’ या नावाने त्याचा माल बाजारात येई. आता तो बंद पडला आहे. पण रोल देशी असो की परदेशी, डबीचा प्रवास सारखाच. गिऱ्हाईक फोटो काढून झाल्यावर रोल धुवायला देई, नेगेटिव्ह आणि फोटो घेऊन जाई आणि डबी स्टुडिओतच राही. लग्नसराईत तर एकेका लग्नाला अनेक रोल लागत. स्टुडिओवाल्याला या डब्यांचे काय करावे हा प्रश्न पडे आणि मागेल त्याला तो त्या फुकट देई.

आमच्या घरी त्या अशाच आल्या. माझे आजोबा शहरातल्या एका फोटो स्टुडिओत मदतनीस होते. झाडलोट करणे, पाणी भरणे, लग्नात फोटोग्राफरच्या मागे दिवा धरून उभे राहणे ही त्यांची कामे. कॅमेऱ्याला हात लावायचे काम त्यांचे नव्हते. संध्याकाळी घरी येताना खिशात दोन-चार डब्या असत. आज आमच्या घरात मी मोजल्या तेव्हा सतरा भरल्या. शेजारीपाजारी आणि सोयऱ्यांकडे गेलेल्या वेगळ्याच.

या डब्यांनी काय काय सांभाळले ते सांगितले, तर एका कुटुंबाचा जमाखर्चच मांडल्यासारखे होईल. आजी काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाई. काजूच्या टरफलातले तेल कातडीला अक्षरशः भाजते. म्हणून कामाला बसण्यापूर्वी आणि मध्येमध्ये हातांना खोबरेल लावावे लागते. ते खोबरेल पिशवीत सांडू न देता नेणारी डबी हीच. बाबा मासेमारीच्या होडीवर खलाशी. त्यांच्या डबीत आगकाड्या असतात. काडी डबीपेक्षा आखूड असल्याने उभी मावते. काडेपेटीची घासायची पट्टी कापून झाकणाच्या आत बसवली, की लाटेचे पाणी अंगावर आले तरी आग शाबूत. शिवाय बंद डबी पाण्यात पडली तर बुडत नाही. तिच्या पोटात साधारण पस्तीस मिलिलिटर जागा असते. तेव्हा डबी आणि आतला माल मिळून पस्तीस ग्रॅमच्या आत असला तर आर्किमिडीजच्या नियमाने ती तरंगणारच. बाबांनी आर्किमिडीज वाचलेला नाही, पण नियम त्यांना पाठ आहे.

शेजारच्या आजोबांकडे चुन्याची डबी आहे. यातही शास्त्र आहे. ओला चुना ॲल्युमिनियमला खातो, म्हणून पूर्वी चुन्याला पितळेची डबी लागे. प्लॅस्टिकला चुना काही करू शकत नाही. सुया, बटणे, गळ, माळेचे सुटलेले मणी, देवाचे कुंकू, फुटकळ नाणी यांच्यासाठी एकेक डबी ठरलेली. पंचवीस पैशांचे नाणे २०११ साली चलनातून गेले, पण आमच्या एका डबीत ती नाणी अजून खुळखुळतात. आजीची गुप्त शिल्लकही एका डबीत असे. नोट मधोमध दुमडून गुंडाळली की बरोबर बसते, आणि तांदळाच्या पिंपात खोल खुपसलेली काळी डबी चोरालाच काय, घरच्यांनाही सापडत नाही. आजीचे एकच वाक्य सगळ्या डब्यांना लागू असे : “झाकान नीट लाव गो, नायतर सादाळंल.”

आणि एका डबीत माझी नाळ आहे. बाळाची वाळून पडलेली नाळ जपून ठेवण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत आहे. श्रीमंतांकडे त्यासाठी चांदीची डबी असेल. माझी नाळ कोडॅकच्या डबीत आहे आणि एकोणीस पावसाळ्यांनंतरही ती कोरडी आहे. यापेक्षा मोठे प्रमाणपत्र त्या डबीला दुसरे कोणते द्यावे?

मुलांच्या हाती डबी पडली की तिला तिसरा जन्म मिळतो. चिंचोके घातले की खुळखुळा, झाकणे जोडली की गाडीची चाके, दोन डब्या दोऱ्याने बांधल्या की टेलिफोन. पण खेळ आणि विज्ञान यांतली भिंत पाडण्याचे काम ज्यांनी केले त्यांचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय. आय. टी.चे अभियंते. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून त्यांतून विज्ञान शिकवणे हे त्यांनी आयुष्याचे काम मानले. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात, मुक्तांगणमध्ये, त्यांनी २००३ ते २०१४ या काळात काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांत रोलच्या डब्यांचा पंप आहे. दोन डब्यांच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा भात्यासारखा बसवायचा, आणि हवा एकाच दिशेने जावी म्हणून भोकांवर चिकटपट्टीच्या किंवा रबराच्या छोट्या झडपा लावायच्या. एवढ्या भांडवलावर फुगा फुगतो. आपल्या हृदयातल्या झडपा काय करतात, हेही यातून दहा पैसे खर्च न करता कळते.

डबीचे ‘रॉकेट’ही उडते. त्यासाठी झाकण आतून बसणारी पांढरी डबी हवी. बाहेरून बसणाऱ्या झाकणाची काळी डबी या कामाला तितकी चांगली नाही. डबीत चमचाभर पाणी आणि पोटदुखीवर घेतात ते फ्रूट सॉल्ट घालून झाकण लावायचे, डबी पालथी ठेवायची आणि दूर व्हायचे. खाण्याचा सोडा व सायट्रिक आम्ल पाण्यात एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू होतो. तो आत मावेनासा झाला की झाकण सुटते आणि डबी उडते. हा खेळ मोकळ्या जागेत, तोंड लांब ठेवून आणि मोठ्यांच्या देखत करावा.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे डबीचा पुन्हा कॅमेराच करता येतो. काळ्या डबीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पाडायचे, आत फोटोचा कागद गोल बसवायचा आणि आकाशाकडे तोंड करून ती महिनोन्महिने एका जागी बांधून ठेवायची. सूर्य रोज ज्या वाटेने जातो ती वाट कागदावर आपोआप उमटते. डिसेंबरअखेरीपासून जूनअखेरीपर्यंत ही वाट रोज थोडी थोडी उत्तरेकडे सरकते, म्हणून कागदावर रेघांचा पट्टा तयार होतो. रत्नागिरी सुमारे सतरा अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीस सूर्य थेट आपल्या डोक्यावरून जातो. अशी डबी येथे बांधली तर मे महिन्यापर्यंत रेघा दाट येतील, आणि जूनमध्ये मोसमी ढग आले की तुटतील. म्हणजे पावसाळा ज्या दिवशी आला, त्या दिवसाची सही कागदावर मिळेल. आपल्या भूगोल विभागाने हा प्रयोग जरूर मनावर घ्यावा.

गुणगान करताना एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. या डब्या अन्न ठेवण्यासाठी बनवलेल्या नाहीत. रसायने लावलेल्या फितीशी त्यांचा संबंध आलेला असतो. तेव्हा तिखट, मीठ, हिंग यांसाठी त्या वापरू नयेत हे बरे. औषधाच्या गोळ्यांसाठी तर मुळीच नाही. नावगाव नसलेली डबी आणि सहज निघणारे झाकण घरात लहान मूल असताना धोक्याचे ठरते.

आता उत्तरार्ध. ज्या कोडॅकने रोल घरोघर नेला, त्याच कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ साली पहिला अंकीय कॅमेरा बनवला. एक फोटो साठवायला त्याला तेवीस सेकंद लागत. पुढे त्याच तंत्राने रोलचा बाजार संपवला आणि जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅकला दिवाळखोरीसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. रोल अजून पूर्णपणे बंद झालेला नाही. मोठ्या शहरांतील हौशी मंडळी तो हौसेने आणि चढ्या किमतीने घेतात. पण स्टुडिओच्या कोपऱ्यात डब्यांची रास पडण्याचे दिवस गेले.

या दिवसांची आठवण अनेकजण काढतात. मी काही लेख वाचले, काही वडीलधाऱ्यांशी बोलले. त्यांच्या बोलण्यात रोल संपेपर्यंतची उत्सुकता येते, फोटो धुऊन येईपर्यंतची वाट पाहणे येते, सहलीचे अल्बम येतात आणि मग ओघाने डबी येते. आमच्या घरात मात्र आठवणींची सुरुवातच डबीपासून होते आणि तिथेच संपते. कारण रोल आमचा कधी नव्हताच. आमच्याकडे डब्या सतरा आणि आजोबांचे फोटो तीन. एक मतदार ओळखपत्रावरचा. एक वाडीच्या भजनी मंडळाचा, मागच्या रांगेतला. तिसऱ्यात नवरानवरी आहेत आणि डाव्या कडेला दिवा धरलेला एक हात. हात आल्यामुळे ती प्रत वाया गेली, म्हणून स्टुडिओने टाकून दिली आणि आजोबांनी घरी आणली. तो हात त्यांचा आहे. इतरांच्या शेकडो लग्नांच्या फोटोंत त्यांनी उजेड पाडला आणि ते स्वतः एका वाया गेलेल्या प्रतीत, तेही मनगटापर्यंतच, उरले.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. डबी आणि फीत यांतला फरक मला यातून कळला म्हणून लिहिते. रिकाम्या डबीचा दुसरा उपयोग ही काटकसर आहे आणि काटकसर हा गुणच आहे. पण फितीचा दुसरा उपयोग होऊ लागला की ते नुकसान असते. सिनेमाच्या इतिहासात हे मोठ्या प्रमाणावर घडले. जुन्या फिती धुऊन त्यांतली चांदी काढून विकण्याचा धंदाच होता. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्याचा काही भागच आज पाहायला मिळतो. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगाव हिंडून रिळे गोळा केली म्हणून जे उरले ते उरले. तोवर किती चित्रपट चांदीच्या भावाने गेले असतील!

जे चित्रपटांचे झाले ते घरांचेही होत आहे. स्टुडिओ बंद पडतात, नेगेटिव्हची पाकिटे रद्दीत जातात. माळ्यावरच्या अल्बममधले फोटो पावसाळ्यात एकमेकांना चिकटतात. फोनमध्ये हजारो फोटो असतात आणि फोन बिघडला की त्यांना डबीही नसते. म्हणून माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एक सुचवावेसे वाटते. घरी नेगेटिव्ह असतील तर त्यांवर हात न लावता, कडा धरून, त्या कागदी पाकिटांत घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या घाम येऊन चिकटतात. पाकिटे कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फोनचा पांढरा पडदा मागे धरून नेगेटिव्हचा दुसऱ्या फोनने फोटो काढता येतो व तो उलटवून मूळ चित्र पाहता येते. त्याला पैसे पडत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक जुन्या फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहा. फोटो शाबूत राहिला आणि नावे गेली, तर त्यात फक्त अनोळखी माणसे उरतात.

हे काम करायला गणपतीसारखा मुहूर्त नाही. मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात, म्हातारी माणसे बोलायच्या मनःस्थितीत असतात आणि बाहेर पाऊस असल्याने कोणाला कुठे जायचे नसते. आरती झाली की अल्बम काढावा आणि मोठ्यांना विचारत जावे, हे कोण, ते कोण. कडेला अर्धवट दिसणारे कोणी असेल, तर त्याचे नाव आधी विचारावे.